आमवातावरील जैविक औषध : अ‍ॅडॅलिमुमॅब

सकाळी उठल्यावर तासभर बोटे वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजतात. सोलापूर-विजापूर रस्त्यावरील मंद्रूपसारख्या गावात हे दुखणे बहुधा ‘वात’ या एका शब्दात संपते आणि वेदनाशामक गोळ्यांवर वर्षे निघतात. उतारवयातील गुडघेदुखीहून हा आजार वेगळा आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते; उपचार लांबल्यास हाडे झिजून बोटे कायमची वाकडी होतात. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण येथे १९९६ पासून केलेल्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक रुग्ण.

या सुजेमागे ‘टीएनएफ’ नावाचे प्रथिन आहे. ते रोखल्यास आजार आटोक्यात येतो, हे लंडनमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांतून मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवून दिले. अ‍ॅडॅलिमुमॅब हे याच प्रथिनाला बांधून ठेवणारे, पूर्णतः मानवी धर्तीचे प्रतिपिंड. ज्या तंत्राने ते घडले, त्यासाठी ग्रेगरी विंटर २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. अमेरिकेत ३१ डिसेंबर २००२ रोजी ‘ह्युमिरा’ या नावाने त्यास मान्यता मिळाली. सोरायसिस, मणक्याचा दाहक संधिवात आणि आतड्यांचा क्रोन्स आजार यांतही ते वापरतात.

मेथोट्रेक्झेटसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्यांनी पुरेसा गुण न आल्यास सहसा हे औषध सुचविले जाते. दर १४ दिवसांनी ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली घेतात. मेथोट्रेक्झेट बहुधा सोबत चालूच राहते. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. ही चूक जिवावर बेतू शकते.

खरा धोका क्षयरोगाचा. शरीरात सुप्त असलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफच करते. ते रोखले की जंतू डोके वर काढतात. आपल्याकडे असा सुप्त संसर्ग सर्रास आढळतो. त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि मँटू चाचणी केल्याविना, तसेच ‘हिपॅटायटिस बी’ तपासल्याविना हे औषध सुरू करणे धाडसाचेच. उपचारादरम्यान रेंगाळणारा ताप, खोकला किंवा घटते वजन अंगावर काढू नये.

अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये ‘एक्झेम्प्टिया’ नावाने या औषधाची जगातील पहिली प्रतिकृती बाजारात आणली. पाठोपाठ इतर भारतीय कंपन्याही उतरल्या. किंमत उतरली खरी. परंतु उपचार दीर्घकाळ चालत असल्याने विडी वळणाऱ्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या घराला हा खर्च आजही पेलवणारा नाही.

इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या भागात ते सोलापुरातून बर्फाच्या डब्यातूनच आणावे. मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नये किंवा फ्रीजरमध्ये ठेवू नये. एकदा गोठलेले इंजेक्शन वितळले तरी वापरता येत नाही.