रक्ती आवेपासून रबाळ्यापर्यंत

ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या लोकलमध्ये ऐरोलीनंतर रबाळे लागतं. तिथल्या एमआयडीसीत रिलायन्स लाइफ सायन्सेसचं केंद्र आहे. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की रुग्णाला फिलग्रास्टिम टोचतात; या कंपनीच्या औषधांत तेही आहे. मूळचं हे माणसाच्या शरीरातलं प्रथिन. ते करवून घेतात मात्र ई. कोलाय या जिवाणूकडून. त्यासाठी माणसाचं जनुक जिवाणूत नेऊन ठेवावं लागतं आणि ते नेतं प्लास्मिड. या प्लास्मिडचं कुळ काही फार सोज्वळ नाही.

प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर राहणारं, बहुधा वर्तुळाकार, डीएनएचं छोटं कडं. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये त्याला हे नाव दिलं. पण त्याचा धाक बसला तो जपानमध्ये. युद्धानंतर तिथे रक्ती आवेचे जंतू एकाच वेळी सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन यांना दाद देईनासे झाले. चार औषधांविरुद्ध चार वेगळे बदल एकाच जंतूत एकदम कसे घडणार? १९५९ च्या सुमारास उलगडा झाला. प्रतिकाराची जनुकं एकगठ्ठा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी ई. कोलायकडून आवेच्या जंतूकडेही, जात होती. गठ्ठा वाहणारं होतं प्लास्मिड.

१९७२ च्या नोव्हेंबरात होनोलुलूला प्लास्मिडांवर अमेरिकी-जपानी परिषद भरली. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन अशीच प्रतिकार वाहणारी प्लास्मिडं जिवाणूंत शिरवत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्बर्ट बॉयर यांच्याकडे डीएनए ठरावीक जागी कापणारं विकर होतं, इको-आर-वन. रात्री खाता-खाता दोघांचा बेत ठरला. पुढच्याच वर्षी त्यांनी दोन प्लास्मिडं कापून एकत्र जोडली आणि ई. कोलायमध्ये घातली, जिवाणूला दोन्हींचा प्रतिकार मिळाला. १९७४ मध्ये बेडकाचा डीएनएही जिवाणूत वाढू लागला. दोन्ही शोधनिबंधांवर ॲनी चँग यांचं नाव आहे. गोष्ट सांगताना ते बहुतेक वेळा गळतं, हे बरं नाही.

खरी युक्ती निवडीत आहे. कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात ठेवून क्षणभर ऊब दिली, तरी फारच थोडे जिवाणू प्लास्मिड आत घेतात. ते शोधायचे कसे? बशीत प्रतिजैविक घालायचं. ज्यांच्यात प्लास्मिड शिरलं तेच जगतात. जपानी डॉक्टरांना हैराण करणारा गुणच इथे चाळणी झाला. १९७७ मध्ये बोलिव्हार आणि रॉड्रिगेझ यांनी बॉयर यांच्या प्रयोगशाळेत पीबीआर-३२२ हे प्लास्मिड बांधलं: ४,३६१ बेसजोड्या, ॲम्पिसिलिन आणि टेट्रासायक्लिन दोन्हींना प्रतिकार. नवं जनुक टेट्रासायक्लिन-प्रतिकाराच्या जनुकात घुसवलं की तो प्रतिकार मोडतो. म्हणून ॲम्पिसिलिनमध्ये जगणारी पण टेट्रासायक्लिनमध्ये मरणारी वसाहत उचलायची. आपलं जनुक तिच्यात आहे. इतकी साधी आणि इतकी हुशार खूण विज्ञानात क्वचित सापडते. १९८२ मध्ये ई. कोलायनं बनवलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आलं.

जिवाणूला सगळंच जमतं असं नाही. तो प्रथिनांवर माणसासारख्या साखरेच्या साखळ्या चढवत नाही. फिलग्रास्टिमचं त्यावाचून अडत नाही. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं अडतं, म्हणून ते हॅमस्टरच्या पेशींत करतात. तरी तिथे न्यायचं जनुकही आधी ई. कोलायमधल्या प्लास्मिडातच वाढवून घेतात.

प्लास्मिडाची जुनी खोड मात्र गेलेली नाही. इस्पितळांतल्या जंतूंमध्ये आजही प्रतिकार याच वाटेनं पसरतो. म्हणून प्रयोगशाळेत जनुकं वाहणारी बरीचशी प्लास्मिडं आपण होऊन दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकणार नाहीत अशी छाटलेली असतात. भारतात १९८९ च्या नियमांनुसार असं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःची जैवसुरक्षा समिती नेमावी लागते, आणि वापरून झालेले जिवाणू बाहेर टाकण्याआधी मारावे लागतात.