युनिक्स व लिनक्समधील फाईल-परवानग्या : पुनरावर्ती आज्ञेच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एकाच संगणकावर अनेक जण काम करू लागले, तेव्हा कोणती फाईल कोणी वाचावी व कोणी बदलावी हा प्रश्न अधिकाराचा व परस्परविश्वासाचा बनला. युनिक्सने त्याला दिलेले उत्तर लिनक्समध्ये आजही टिकून आहे. त्या उत्तराचा व त्यातून उद्भवलेल्या एका अडचणीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परवानग्यांचा विकास :
अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये मल्टिक्स प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत परवानगी बदलणारी 'सीएचमॉड' ही आज्ञा आढळते. त्या वेळी मालक व इतर एवढाच भेद होता. या दोघांच्या १९७४ च्या शोधनिबंधात सात संरक्षक बिटांचा, तर १९७८ च्या सुधारित आवृत्तीत दहा बिटांचा उल्लेख येतो. कारण दरम्यान 'गट' हा तिसरा घटक समाविष्ट झाला होता. वाचनास ४, लेखनास २ व अंमलबजावणीस १ असे अंक असून त्यांच्या बेरजेने परवानगी ठरते.

अडचणीचे मूळ :
युनिक्सने डिरेक्टरीलाही फाईलच मानले व दोहोंना तेच बिट दिले. मात्र डिरेक्टरीच्या बाबतीत अंमलबजावणीचा अर्थ 'आत प्रवेश' असा होतो. संपूर्ण डिरेक्टरी-वृक्षावर पुनरावर्ती पद्धतीने ६४४ लावल्यास सामान्य वापरकर्त्याला, प्रत्यक्ष मालकालाही, आत जाता येत नाही. ७५५ लावल्यास साधा दस्तऐवजही अंमलबजावणीयोग्य ठरतो, तर ७७७ लावल्यास कोणालाही फेरफार करता येतो. पूर्वीच्या परवानग्यांची नोंद ही आज्ञा ठेवत नसल्याने झालेली चूक आपोआप उलटवता येत नाही.

उपाय :
'फाईंड' आज्ञेने डिरेक्टरी व फाईल वेगळ्या करून त्यांना अनुक्रमे ७५५ व ६४४ देणे हा एक मार्ग होय. १९९२ च्या पॉझिक्स मानकातील मोठा 'एक्स' हा दुसरा. तो डिरेक्टरींना व आधीच अंमलबजावणीयोग्य असलेल्या फाईलींनाच तो अधिकार देतो. म्हणूनच चुकून ७७७ झालेल्या वृक्षात केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही. तेथे 'फाईंड' उपयोगी पडते.

निष्कर्ष :
एकच चिन्ह दोन अर्थांनी वापरण्याच्या निर्णयाने युनिक्सची रचना सुटसुटीत झाली. परंतु त्या अर्थभेदाचे भान ठेवण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर आली. आज्ञेचा इतिहास ज्ञात असल्यास ती जबाबदारी अधिक डोळसपणे पार पाडता येते.