पाढे शिकलेला अधिकारी आणि संसदेतील तीन तास

१/ ५ मार्च १६६८. लंडनमधील हाउस ऑफ कॉमन्ससमोर सॅम्युअल पेपिस हा ३५ वर्षांचा अधिकारी उभा होता. आरमाराचा पैसा कुठे गेला आणि खलाशांना रोख पगार का मिळाला नाही, याचा जाब सभागृहाला हवा होता. धीर यावा म्हणून आपण आधी मद्याचे घोट घेतले होते, हे त्यानेच रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे.

२/ सभागृहाचा संताप अकारण नव्हता. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसले, नांगरलेली जहाजे त्याने जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे मानाचे जहाज ओढून नेले. पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात ज्याला मुंबई बेट मिळाले, त्याच दुसऱ्या चार्ल्स राजाचे हे आरमार होते.

३/ तिजोरीत पैसा नसल्यामुळे खलाशांच्या हाती पगाराऐवजी चिठ्ठ्या पडत. पोट भरण्यासाठी अनेकांना त्या सावकारांना कमी किमतीत विकाव्या लागत. मेडवेवर आलेल्या डच जहाजांवरून इंग्रजी बोलणे ऐकू येत होते, असे पेपिसच्या कानी आले. पगार न मिळालेले खलाशी शत्रूच्या चाकरीत गेले होते.

४/ पेपिस हा शिंप्याचा मुलगा. १६६० मध्ये एका वजनदार नातलगाच्या शब्दावर त्याला नेव्ही बोर्डात पद मिळाले. जहाजबांधणीचे लाकूड, डोलकाठ्या, दोरखंडांसाठी वाख, डांबर अशी अवाढव्य खरेदी हे बोर्ड करीत असे. केंब्रिजच्या या पदवीधराला लॅटिन येत होते. गुणाकाराचे पाढे मात्र येत नव्हते.

५/ जुलै १६६२ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, त्याने एका जहाजावरील मेटकडून गणिताचे धडे घेतले. पहाटे उठून तो पाढे पाठ करी. पुढच्याच महिन्यात अँथनी डीन हा जहाजबांधणीतील जाणकार त्याला वॉल्थमच्या जंगलात घेऊन गेला आणि लाकडाच्या मोजमापात राजाची फसवणूक कशी होते, हे त्याने प्रत्यक्ष दाखवले.

६/ येथून पेपिसचे वजन वाढत गेले. पुरवठादाराने सांगितलेला आकडा तो आता स्वतः पडताळून पाहू शकत होता. सप्टेंबर १६६३ मध्ये सर विल्यम वॉरन या लाकूड व्यापाऱ्याशी ३,००० पौंडांच्या डोलकाठ्यांचा करार झाला. सहकाऱ्यांचे आक्षेप निघाले तेव्हा पेपिसने हाच सौदा किफायतशीर ठरवला.

७/ फेब्रुवारी १६६४ मध्ये याच वॉरनने पेपिसच्या पत्नीसाठी हातमोजे पाठवले. घरी उघडून पाहिले, तर आत सोन्याची ४० नाणी! राजाचे नुकसान होत नसेल तर भेट घेण्यास हरकत नाही, अशी पेपिसची सोयीस्कर समजूत होती. नाणी त्याने ठेवून घेतली.

८/ अशा माणसाने १६६८ मध्ये सभागृहाला तीन तासांहून अधिक काळ खिळवून ठेवले. तारखा, हिशेब, पत्रव्यवहार सारे त्याच्या जिभेवर होते. चिठ्ठ्या देणे ही बोर्डाची लहर नव्हती, ती परिस्थितीची सक्ती होती, हा त्याच्या बचावाचा गाभा होता. दुसऱ्या दिवशी खुद्द राजाने त्याचे अभिनंदन केले.

९/ पुढे १६७७ मध्ये पेपिस आरमार खात्याचा सचिव आणि संसद सदस्यही होता. फ्रान्स आणि हॉलंडच्या आरमारांशी तुलना करून त्याने इंग्लंडची उणीव मांडली. ३० नव्या युद्धनौकांसाठी संसदेने सुमारे ६ लाख पौंड मंजूर केले. बोलण्याची ढब तीच होती. या वेळी मात्र तो बचाव करीत नव्हता, पुढील अनेक वर्षांच्या खरेदीचा आराखडा मांडत होता.

१०/ १६६८च्या भाषणाने बोर्ड वाचले. मात्र ज्यांनी आपल्या चिठ्ठ्या आधीच मातीमोल भावात विकल्या होत्या, त्या खलाशांचे नुकसान त्या शब्दांनी भरून निघणे शक्य नव्हते. पेपिसने लघुलिपीत लिहिलेले रोजनिशीचे सहा खंड आज केंब्रिजच्या मॅग्डलेन कॉलेजात जपलेले आहेत. पहाटेचे पाढे, हातमोज्यातील सोने आणि संसदेतील ते तीन तास, हे सारे त्यांत एकाच हस्ताक्षरात आहे.