पंगतीतला भात आणि मधुमेह

“डाक्टरसाहेब, घरी नातवाचं बारसं आहे. भात सोडून जेवू काय जी?” गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात हा प्रश्न अवघडच. इथे भात वाढल्याशिवाय पंगत पुरी होत नाही.

‘लो-कार्ब’ हा शब्द नवा, विचार मात्र जुना आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला जवाचा भात, जवाचे सातू, जवाचे अपूप सांगितले आहेत. म्हणजे पदार्थ ओळखीचाच, धान्य तेवढे बदललेले! जवातही पिष्ट असतेच. पण त्यातील तंतूंमुळे साखर सावकाश चढते. पुढे 1863 मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, बटाटे, साखर, बिअर सोडून वजन घटवल्याची पुस्तिका काढली आणि ती खूप गाजली.

त्या काळी मधुमेहावर पथ्याखेरीज फारसे काही नव्हते. लहान मुलांना अक्षरशः उपाशी ठेवून काही महिने जगवत. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले, तेव्हा चित्र बदलले.

आपल्याकडची पाटवडी मला या बाबतीत आवडते. 100 ग्रॅम तांदळात पिष्टमय पदार्थ साधारण 78 ग्रॅम, प्रथिने 7. बेसनात तेच 58 आणि 22. रश्श्यावरची तर्री मात्र बाजूला काढा.

अडचण वेगळीच होती. आजोबा ग्लिमेपिराइड घेत होते, आणि गोळी तशीच ठेवून भात एकदम बंद केला तर साखर धोकादायक उतरते. म्हणून आधी गोळीचा डोस कमी केला, मग बारशाचा बेत ठरला: पाटवडी रस्सा, आणि भात एक वाटी.