महाडच्या भाषणातील फ्रान्स : ऐतिहासिक दाखल्याचे प्रयोजन

नागरी हक्कांच्या भाषणात इतिहासाचा दाखला अलंकार म्हणून येतो की युक्तिवाद म्हणून, हा प्रश्न प्रस्तुत लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महाड येथील २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणाच्या आधारे तपासला आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता; १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तथापि २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली. डिसेंबरच्या परिषदेपूर्वी तर न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला.

अशा वेळी बाबासाहेबांनी श्रोत्यांना नेले ते १७८९ च्या व्हर्सायला. महाडपासून रायगड जवळ. तरी मुख्य दाखला फ्रान्सचा, ही बाब लक्षणीय आहे. तेथील राष्ट्रसभा आणि ही परिषद यांचा हेतू एकच, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यामुळे तळ्याचा वाद पाण्याचा न राहता समतेचा झाला. भिवंडीत हे भाषण शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात, की श्रोत्यांना व्हर्साय कसे कळले असेल? उत्तर भाषणातच आहे. बाबासाहेब नुसता उल्लेख करून थांबत नाहीत. तेथील स्थिती समजावून सांगतात.

क्रांतीतील रक्तपाताचा आक्षेपही ते टाळत नाहीत. वरिष्ठ वर्गाने विरोध केला नसता, परकीयांची मदत घेतली नसती, तर राष्ट्रसभेला हिंसेची गरजच पडली नसती, असा त्यांचा निर्वाळा आहे. मार्चमध्ये मार खाल्लेल्या समुदायापुढे हे बोलले जात होते, हे विसरता कामा नये. संघर्ष शांततेने होईल की नाही, हे विरोधकांच्या वर्तनावर अवलंबून आहे, हा इशारा त्यातूनच येतो.

येथे २८ ऑगस्ट १९६३ रोजीच्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टनमधील भाषणाशी तुलना उद्बोधक ठरते. लिंकन यांच्या स्मारकासमोर उभे राहून किंग यांनी स्वराष्ट्राने दिलेल्या वचनाची आठवण करून दिली. बाबासाहेबांजवळ ताजे ठराव होते, परंतु धर्मपरंपरेत समतेचे असे वचन त्यांना दिसत नव्हते. म्हणून दाखला परदेशातून आणावा लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही उसनवारी नव्हे. परिषदेने त्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला आणि मनुस्मृतीचे दहन केले.

तळ्यासंबंधीच्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.