पाटणादेवी आणि गौताळा: खान्देशातल्या एका दिवसाच्या सहलीत जंगल, लेणी आणि भास्कराचार्य

पावसाळा सुरू झाला की पाटणादेवीच्या धबधब्यांचे रील्स फिरू लागतात. बहुतेकांखाली दोन वाक्यं ठरलेली असतात: 'खान्देशातलं नॅशनल पार्क' आणि 'थोर गणिती भास्कराचार्यांचं जन्मगाव'. यातलं पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं अर्धं सिद्ध झालेलं. खरी गोष्ट मात्र या दोन्ही वाक्यांपेक्षा जास्त रंजक आहे.

हे ठिकाण नेमकं कुठे आहे?

जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवीचं देऊळ आहे. चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्थानक आहे. धुळ्याहून चाळीसगावला वेगळा रेल्वेफाटाही येतो. त्यामुळे धुळे आणि जळगाव या दोन्ही बाजूंनी सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं.

हे राष्ट्रीय उद्यान आहे का?

नाही. हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं असून जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. खान्देशात यातलं एकही नाही.

फरक फक्त नावाचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण बंदी असते. अभयारण्यात मात्र ठरावीक अटींवर परवानगी देता येते. म्हणून इथे वाटेत गुरं दिसली, तर ती बेकायदा आली आहेत असं लगेच समजू नका.

'औट्रम' हे नाव कुठून आलं?

चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट म्हणजे कन्नड घाट, त्यालाच औट्रम घाट म्हणतात. हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८१८ मध्ये खान्देश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, पण सातमाळ्याच्या डोंगरातल्या भिल्लांनी ही सत्ता सहज मान्य केली नाही. लष्करी मोहिमा पुऱ्या पडेनात, तेव्हा १८२५ मध्ये सरकारने धोरण बदललं. भिल्लांसाठी एजन्सी स्थापन झाल्या, त्यांपैकी एक कन्नडला होती. त्याच वर्षी औट्रमने भिल्ल तरुणांची पलटण, म्हणजे भिल्ल कोअर, उभी करायला घेतली. घाटाला अधिकाऱ्याचं नाव मिळालं. ज्यांचा हा डोंगर होता, त्यांचं नाव पाटीवर नाही.

जंगलात काय दिसतं?

हे शुष्क पानगळीचं जंगल आहे. साग, अंजन, धावडा, सालई, पळस, खैर ही इथली झाडं. उन्हाळ्यात डोंगर उघडाबोडका दिसतो आणि पहिल्या दोन-तीन पावसांत हिरवा होतो. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा, ससा हे प्राणी इथे आहेत, पण दिवसाच्या सहलीत ते दिसतीलच असं नाही. वानरं आणि पक्षी मात्र भरपूर दिसतात.

मार्च २०२१ मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये चक्क वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून आला होता. इथे कित्येक दशकांनी वाघ दिसत होता. शेतं, रस्ते, गावं ओलांडून वाघ इथवर येऊ शकतो, याचा अर्थ मधले जंगलाचे तुकडे अजून काही प्रमाणात जोडलेले आहेत.

भास्कराचार्य खरंच इथले का?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच भाग मानला जातो. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं 'विज्जडविड' असल्याचं ते स्वतः सांगतात. हे गाव नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण ते पाटणच्या परिसरात मानतात, तर काही जण कर्नाटकातल्या विजापूरशी जोडतात.

मग पाटणचा संबंध कुठे येतो? पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, या मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. देणगी कुणी किती द्यायची, हे गावातल्या लोकांना कळायला हवं होतं ना!

याच तालुक्यात गिरणेकाठच्या बहाळ गावी शके ११४४ चा, म्हणजे इ.स. १२२२ चा आणखी एक लेख आहे. तो भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याने बांधलेल्या देवळाचा.

म्हणजे जन्मगावाचा पुरावा पक्का नाही, पण या घराण्याची पुढची पिढी इथे होती आणि भास्कराचार्यांचं गणित इथे शिकवलं जात होतं, हे दगडात कोरलेलं आहे.

एका दिवसात काय काय पाहावं?

*सकाळी:* आधी महादेवाचं प्राचीन देऊळ. निकुंभ राजांच्या काळातल्या या देवळात शके १०७५, म्हणजे इ.स. ११५३ चा लेख आहे. भास्कराचार्य हयात असतानाचं हे काम. त्यानंतर पाटणादेवी, म्हणजेच चंडिकादेवीचं दर्शन.

*दुपारपर्यंत:* कन्हेरगड. चढताना नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी अशी लेणी लागतात. नावावरून वाटत नसलं, तरी नागार्जुन कोठडी हे जैन लेणं आहे. पाऊस चांगला असेल तर केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबेही पाहण्यासारखे आहेत.

*दुपारनंतर:* पितळखोरे. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधीची. ती डोंगराच्या वरच्या अंगाला, कन्नड तालुक्यात आहेत. गाडीने कन्नड घाटातून वळसा घेऊन जाता येतं. पाटणादेवीहून जंगलातली पायवाटही आहे, पण ती वाटाड्याशिवाय धरू नका. इथल्या लेखांत पैठणचे गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचे व्यापारी, आणि मागिल नावाचा राजवैद्य दाते म्हणून भेटतात. इथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कान्हदास, व्यवसायाने सोनार. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एका दिवसात हे सगळं होत नसेल, तर कन्हेरगड किंवा पितळखोरे यांपैकी एकच निवडा.

कधी जावं, काय सांभाळावं?

- पावसाळ्याचा शेवट ते हिवाळा हा उत्तम काळ. नवरात्रात देवळात मोठी गर्दी असते.
- जोराच्या पावसात जाऊ नका. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस या डोंगरात झालेल्या अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगाव परिसरात मोठं नुकसान झालं. डोंगरावर पाऊस पडला की खालचा ओढा काही वेळातच भरतो.
- पाणी आणि खाणं सोबत घ्या. प्लास्टिक मात्र परत आणा.
- माकडांना खायला घालू नका आणि जंगलात मोठ्याने गाणी लावू नका.
- लेण्यांतल्या खांबांवर जुन्या रंगचित्रांचे अवशेष आहेत. त्यांना हात लावू नका.
- अंधार पडायच्या आत अभयारण्याबाहेर पडा.

आणि फोटो टाकताना 'भास्कराचार्यांचं जन्मगाव' ऐवजी 'भास्कराचार्यांच्या नातवाने जिथे त्यांचं गणित शिकवायला मठ काढला ते गाव' असं लिहा. वाक्य थोडं लांब होईल, पण कुणी पुरावा मागितला तर तुमच्याकडे १२०७ चा असेल.