पाळणाघरातल्या खाऊचे दोन भाव

अमेरिकेत घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बाईला मुलांच्या खाऊसाठी सरकारी पैसे मिळू शकतात, हे तुम्हाला माहीत होतं का? १९६८मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा ती फक्त मोठ्या केंद्रांसाठी होती. घरगुती पाळणाघरं तिच्यात आली १९७५मध्ये. पुढे १९७८च्या कायद्याने अशा घरांतल्या मुलांसाठी उत्पन्नाची अटच काढून टाकली. साहजिकच मध्यमवर्गीय वस्त्यांतली पाळणाघरंही भराभर सामील झाली.

मग आला १९९६चा कायदा आणि दोन श्रेणी पडल्या. गरीब वस्तीतल्या किंवा स्वतः गरीब असलेल्या बाईला पूर्ण दर, बाकीच्यांना बराच कमी. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), खाण्याचे नियम मात्र दोघींना सारखेच. नेमून दिलेल्या अन्नगटांपैकी दोन गटांतले पदार्थ खाऊत हवेतच. २०१७पासून तर फळं आणि भाज्या वेगळे गट झाले, ज्यूस दिवसातून एकदाच, आणि केक-कुकीज दिल्या तर त्या धान्याच्या गटात मोजतच नाहीत. वर्षाच्या मुलाला सायीसकट दूध, कारण त्या वयात मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो. विज्ञान म्हणून हे सगळं पटतं. पण सफरचंद काही श्रेणी बघून स्वस्त होत नाही.

कोविडकाळात, जुलै २०२१पासून, सगळ्यांना वरचा दर मिळू लागला. जून २०२३ संपला आणि दोन भाव परत आले.